लिंबाखालचा साप

अमरसिंह: आबा, थुकू नका. निदान तिकडं तोंड करून तरी थुकू नका. मानसं पडलीत तिथं सतरंजीवर.

बलभीम: मानसं व्हय? म्या म्हणलं हरभऱ्यात रानडुकरं शिरली.

अमरसिंह: हळू बोला. ऐकू जातंय त्यांला.

बलभीम: जाऊ दे. पुण्यावरनं बेंबळीपातुर यायचं, दुसऱ्याच्या रानात उताणं पडायचं अन् वर बघून 'आई गं, आई गं' करायचं. आमच्यात बाळंतीण करती असं.

अमरसिंह: उल्कावर्षाव हाय आज. दरसाल डिसेंबरात ह्याच दिवसात असतोय. तिकडं शहरात उजेडामुळं काय दिसत न्हाय, म्हणून येत्यात बिचारी.

बलभीम: तारं तुटायलेत म्हण की सरळ. उल्का म्हणल्यावर जास्त तुटत्यात व्हय?

अमरसिंह: काय बी म्हणा, पर थुकू नका. त्यांला वाटतंय तुमी त्यांच्यावरच थुकायलाव.

बलभीम: बरूबर वाटतंय. एका थुकीत दोन कामं व्हत्यात माझी.

अमरसिंह: आबा!

बलभीम: काय आबा? सवय हाय ती. तुझ्या आईनं लावलेली. तिनं जन्मात एक तारा सोडला न्हाय. तुटला की थू, अन् 'पुढं जा, हितं काय न्हाय तुझं'. तुमी लेकरं अंगणात झोपलेली असायचाव. तारा कुणाला तरी न्यायला उतरतो म्हणायची. अन् ही तुझी शिकलेली मानसं त्यालाच मागायलीत. मला नोकरी दे, मला नवरा दे.

अमरसिंह: ज्याची त्याची रीत.

बलभीम: मग झालं की. माझी रीत थुकायची हाय.

अमरसिंह: बरं, ती बिडी तरी इझवा. उजेड दिसतोय.

बलभीम: बिडीचा उजेड? अन् तू बॅटरीला लाल कागद गुंडाळून नाचायलास ते? सांजंपासनं बघतो, कुणाचं लगीन हाय म्हणलं रानात.

अमरसिंह: लाल उजेडानं डोळं दिपत न्हाईत. अंधाराची सवय मोडत न्हाय. एकदा सांगितलंय तुमाला.

बलभीम: अंधार बघायला शिकवतो लोकांला. शाबास. पुण्यातली नोकरी सोडून गावात आलास तवा म्हणलं, पोरगं आता रान बघंल. पोरगं वर बघायला लागलं.

आरोही: दादा, सॉरी हं. बोलत होतात ना तुम्ही? मी येऊ का जरा?

अमरसिंह: या ना मॅडम, या. काय लागतंय? चहा सांगू का?

बलभीम: कुणाला सांगतोस? चहा करणारं मानूस न्हाय आता घरात.

अमरसिंह: आबा, जरा... मॅडम, हे माझे वडील. आबा, ह्या आरोही मॅडम. ह्यांनीच सगळा ग्रुप आणलाय.

आरोही: नमस्कार काका. किती लकी आहात हो तुम्ही! रोज असं आकाश बघायला मिळतं तुम्हाला.

बलभीम: रोज म्या खाली बघतो. वर बघत चाललं की ठेच लागती.

आरोही: हाहा! काका भारी आहेत. मी तर मोजायचंच सोडलं आता. तो हिरवट मोठा गेला ना, तो बघितलात का? काय मागितलंत तुम्ही?

बलभीम: तुमी सकाळी लवकर निघावं एवढंच मागितलं.

अमरसिंह: गंमत करतात ते, मॅडम.

बलभीम: म्या? म्या कधी गंमत केली?

आरोही: नाही नाही, मला आवडलं. बरं दादा, आम्ही तिकडे जाऊन झोपू का? त्या मोठ्या झाडाकडे, बांधाजवळ. तिकडे जास्त अंधार वाटतोय.

अमरसिंह: कुठं, कडुलिंबाकडं? नको मॅडम. तिकडं साप आहे.

आरोही: अगं बाई! खरंच?

अमरसिंह: मोठा आहे. बांधात बीळ आहे त्याचं. म्हणून तर तिकडं तंबू लावले नाहीत आपण. कुणालाच जाऊ देत नाही मी.

आरोही: पण थंडीत साप बाहेर येतात का हो, काका?

बलभीम: हा बोलवतो तसं येत्यात. ह्याच्या ओळखी लई.

आरोही: नको बाबा. आम्ही आहोत तिथंच बरे. काका, तुम्ही या ना आमच्याकडे. गाद्या आहेत. एकटेच काय बसलात इथं बाजेवर?

बलभीम: एकटा न्हाय म्या. जा तुमी. तुमचे तारे संपायचे.

अमरसिंह: मॅडम, मी आलोच हं पाच मिनिटात.

आरोही: ओके दादा. गुड नाईट काका!

बलभीम: गेली का?

अमरसिंह: गेली.

बलभीम: 'साप आहे.' 'बीळ आहे.' आहे आहे करायला कुठं शिकलास? हाय म्हणाया लाज वाटती?

अमरसिंह: गिऱ्हाईक हायती आबा. त्यांच्या भाषेत बोलावं लागतंय.

बलभीम: अन् खोटं बी त्यांच्याच भाषेत. जन्म गेला माझा ह्या रानात. लिंबाखाली कधी गांडूळ निघालं न्हाय, अन् म्हणं साप. मोठा साप! एवढं तोंडावर खोटं बोलाया तुला जिभंला काय वाटत कसं न्हाय?

अमरसिंह: असू द्या. तुमाला काय करायचंय त्याचं.

बलभीम: मला काय करायचंय? मला कशाचंच काय करायचं न्हाय आता. गाडी कुठं गेली इचारलं, तवा बी असंच. 'मोडीत घातली आबा.' माझ्या बापाच्या वेळची बैलगाडी. बैल गेलं तरी म्या शेडात झाकून ठिवली व्हती. म्या तिकडं दवाखान्यात मांडीत सळई घालून पडलो, हितं पोरानं गाडी मोडीत घालून तंबू आणलं.

अमरसिंह: तंबू गाडीच्या पैशातनं न्हाय आणलं.

बलभीम: मग कशातनं आणलं?

अमरसिंह: जाऊ द्या आबा. उठा. घरी सोडतो तुमाला. थंडी वाढायली, रातभर पाय दुखंल.

बलभीम: उठतो. आधी एक सांग. उद्या मशीन येतंय म्हणं.

अमरसिंह: कोण म्हणलं?

बलभीम: मला बहिरा समजलास का आंधळा? कल्याणप्पा म्हणला सांजच्याला. 'बलभीमराव, पोरगं जेसीबी बोलवायलंय, बाजंची जागा सपाट करून कोबा करणार, दुर्बीण बसवणार.' माझ्या रानातलं मला शेजाऱ्याकडनं कळतंय.

अमरसिंह: म्या सांगणारच व्हतो.

बलभीम: कवा? सिमेट वाळल्यावर?

अमरसिंह: आज सांगणार व्हतो. तुमी बोलू देताव कुठं?

बलभीम: बोल की. हे बग, गप बसलो. बोल.

अमरसिंह: ही जागा रस्त्याला जवळ हाय. लाईट हितंपातुर आलीय. जमीन टणक हाय, अन् तसं बी हितं काय पेरत न्हाई...

बलभीम: पेरत न्हाई कारण म्या पेरू दिलं न्हाय! वरसाची दोन्ही पिकं म्या एवढा तुकडा रिकामा ठिवला. का ठिवला, तुला सांगावं लागतंय? सगळ्या रानात तुला हीच जागा घावली?

अमरसिंह: आबा, ऐका तर.

बलभीम: रस्त्यावर पाटी लावलीस, 'धुरपदा आकाशदर्शन केंद्र'. लोकं म्हणली, बघा, पोरानं आईचं नाव लावलं. आईचं नाव वर लटकवायचं अन् आईच्या उरावर कोबा वतायचा. त्यावर ही उंडगी मानसं नाचवायची. कर. मशीन आण. म्या बाजंवरनं उठत न्हाय. माझ्यावरनं ने तुझं मशीन.

अमरसिंह: मला वाटलंच व्हतं तुमी असं म्हणणार.

बलभीम: वाटणारच की. लई हुशार तू. ज्यानं आईला धसकटावर जाळली त्याला सिमेटाचं काय एवढं.

अमरसिंह: काय म्हणालाव?

बलभीम: काय न्हाय.

अमरसिंह: न्हाय, काय म्हणालाव तुमी आता? धसकटावर?

बलभीम: बाहेर पडलं तोंडातनं. जाऊ दे.

अमरसिंह: जाऊ दे न्हाय. कोण म्हणलं तुमाला असं?

बलभीम: कोण म्हणंल? मला डोळं हायती. आयुष्यभर ज्वारीची धसकटं येचून जाळली म्या. बाभळीची राख कशी असती, धसकटाची कशी असती, मला शिकवतोस? दवाखान्यातनं आणलास, दुसऱ्या दिशी काठी टेकत हितंपातुर आलो. बसलो. राखंत हात घातला. अर्धवट जळालेल्या गाठी लागल्या हाताला. ज्वारीच्या गाठी. म्हणलं, लाकडं मिळाली नसतील पोराला. मग म्हणलं, मिळत कशी न्हाईत? बांधावर एवढ्या बाभळी हायत्या. मग म्हणलं, तोडायचा कटाळा आला आसंल.

अमरसिंह: आबा...

बलभीम: त्या टेंपोनं ठोकरलं तवा मला तिची चप्पल तेवढी दिसली. रस्त्याच्या कडंला, सरळ पडलेली. मग डोळं उघडलं ते सोलापुरात. तिचं तोंड न्हाय बघितलं, खांदा न्हाय दिला, पाणी न्हाय पाजलं. लगीन लागल्यापासनं तिचं एक काम म्या करायचं राह्यलं व्हतं, ते तुझ्यावर आलं. अन् तू धसकटं गोळा केलीस.

अमरसिंह: सात महिनं तुमी हे मनात धरून बसलाव?

बलभीम: मग काय गावात दवंडी देऊ?

अमरसिंह: मला इचारायचं की. न्हाय तर कल्याणप्पाला इचारायचं. अर्धं गाव व्हतं मातीला.

बलभीम: काय म्हणून इचारू? 'माझ्या पोरानं आईला कशावर जाळली' म्हणून इचारू? चार लोकांत? तुझी न्हाय, माझी अब्रू हाय ती.

अमरसिंह: म्हणून माझ्या हातचा चहा बी गोड लागत न्हाय तुमाला.

बलभीम: चहात साखर कमी असती म्हणून लागत न्हाय.

अमरसिंह: आबा, आई हितं न्हाय.

बलभीम: काय?

अमरसिंह: हितं न्हाय आई. हितं धसकटंच जाळली व्हती. गड्यांनी. रान साफ करताना ढीग लावला अन् हितं पेटवला. तुमाला हाताला लागलं ते बरूबर लागलं. ती ज्वारीच व्हती.

बलभीम: तूच दाखवलंस की मला. जीपमधनं. म्या इचारलं, कुठं? तू हात केलास हिकडं.

अमरसिंह: म्या लिंबाकडं हात केला. तुमी मागं आडवं व्हताव, मान वर करून बघायलाव. मधी हे काळं दिसलं तुमाला. मला तवा कळलंच न्हाय. दुसऱ्या दिशी सकाळी आलो तर तुमी हितं बसलेले. भोवतीनं दगडं लावलेली. झेंडूचं फूल ठिवलेलं.

बलभीम: मग सांगायचं तवाच.

अमरसिंह: सांगाया आलो व्हतो. हितं उभा बी राह्यलो. तुमाला काठीनं एवढंच यायला येत व्हतं. लिंबापातुर ढेकळं, पाऊस पडून गेल्याला, चिखल. डॉक्टर म्हणला व्हता, पडलं तर सळई वाकंल. म्हणलं, पाय बरा व्हईस्तोवर बसू द्या हितं. मग पाय बरा झाला. तवर तुमी माझ्याशी बोलायचंच सोडलं. मग कसं सांगावं तेच कळंना.

बलभीम: लिंबाखाली.

अमरसिंह: व्हय.

बलभीम: तिथं साप हाय म्हणालास.

अमरसिंह: सगळ्यांलाच म्हणतो. बिडी इझली तुमची.

बलभीम: राहू दे. लाकडं कशाची व्हती?

अमरसिंह: बाभळीची.

बलभीम: कुठली बाभळ? बांधावरल्या सगळ्या तशाच उभ्या हायत्या. म्या बघितल्यात.

अमरसिंह: वली बाभळ जळती का? आदल्या रातीला वळवाचा पाऊस झाला. तुमाला ठाव न्हाय, तुमी शुद्धीवर न्हवताव. गावात ज्याच्या त्याच्या दारची लाकडं भिजून चिंब. नुसता धूर निघायचा. मानसं म्हणली, राकेल वता, टायर टाका. म्या न्हाय म्हणलं. टायर टाकून आईला कसं... मग शेडात कोरडं काय हाय बघितलं.

बलभीम: गाडी.

अमरसिंह: व्हय.

बलभीम: माझी गाडी फोडलीस.

अमरसिंह: कल्याणप्पा म्हणला, बलभीमरावाला इचारल्याबिगर हात लावू नको, त्याचा जीव हाय गाडीत. म्हणलं, कुऱ्हाड दे.

बलभीम: चाकं बी?

अमरसिंह: चाकं बी. आरं न् आरं सुटं केलं. धाव तेवढी काढून ठिवली, लोखंडाची. ती गेली मोडीत. तेवढंच खरं बोललो तुमाला.

बलभीम: अन् जू?

अमरसिंह: जू हाय. शेडात वर टांगलंय, पत्र्याच्या खाली. ते न्हाय घालवलं माझ्याच्यानं.

बलभीम: चांगली जळली का?

अमरसिंह: लई. दुसऱ्या दिशी सांजपातुर इंगळ व्हता.

बलभीम: व्हणारच. जुनी बाभळ. तुझ्या आज्यानं ईटच्या बाजारातनं लाकूड आणलं व्हतं त्या चाकाला. आजकालच्या लाकडात तसलं काय ऱ्हायलं न्हाय.

अमरसिंह: व्हय.

बलभीम: म्हंजी सात महिनं म्या धसकटाला फुलं वाहिली.

अमरसिंह: व्हय.

बलभीम: त्यातली चिमूटभर राख पुडीत बांधून उशाला ठिवली.

अमरसिंह: ते ठाव न्हवतं मला.

बलभीम: दिवाळीत पणती लावली हितं. ज्वारीच्या बुडख्यांला. अन् तू तिकडनं बघत बसलास.

अमरसिंह: व्हय.

बलभीम: हसला असशील.

अमरसिंह: एकदा बी न्हाय.

बलभीम: दगडच हाईस तू. हसायला पायजे व्हतं. तुझी आई असती तर पदर तोंडात धरून हसली असती. 'शेतकरी म्हणवून घेताव, धसकट कळंना तुमाला' म्हणली असती.

अमरसिंह: तुमाला कळलं व्हतं की धसकट. तुमीच तर म्हणालाव.

बलभीम: धसकट कळलं. पोरगं न्हाय कळलं. उचल बाज.

अमरसिंह: आता? अंधारात? सकाळी जाऊ की आबा.

बलभीम: सकाळी तुझं मशीन येतंय न्हवं?

अमरसिंह: मशीन थांबवतो म्या.

बलभीम: कशाला थांबवतोस? येऊ दे. बुडखंच हायती हितं, कर सपाट. दगडं तेवढी काढून घे, बांधाला व्हतील. उचल म्हणलं तर. का तेवढा बी जोर ऱ्हायला न्हाय भाकरीचे फोटो काढून काढून?

अमरसिंह: फोटो म्या न्हाय, त्या मॅडम काढत व्हत्या.

बलभीम: धरून तर तूच उभा व्हतास ताट.

अमरसिंह: माझा हात धरा. हितं ढेकूळ हाय.

बलभीम: म्या ह्या ढेकळांत रांगलोय. तू बाज संभाळ. अन् ती लाल बॅटरी बंद कर.

(थोड्या वेळानं, कडुलिंबाखाली.)

बलभीम: हा दगड व्हय?

अमरसिंह: व्हय.

बलभीम: शेंदूर न्हाय लावलास ते बरं केलंस.

अमरसिंह: लावला असता तर लोकांनी देव समजून नारळ फोडलं असतं. मग साप बी कामाला आला नसता.

बलभीम: वाकडा बसवलाय.

अमरसिंह: उद्या सरळ करतो.

बलभीम: राहू दे. तुझी सगळीच कामं वाकडी. ही भुई एवढी साफ कशी? पाला कसा न्हाय लिंबाचा?

अमरसिंह: झाडतो म्या.

बलभीम: कवा? म्या तर दिसभर रानात असतो.

अमरसिंह: तुमी उठायच्या आधी.

बलभीम: तरी म्हणलं, सकाळी सकाळी हा कुठं उलथतो. म्या म्हणायचो, फोनवर बोलाया जातो कुण्या पोरीसंगं.

अमरसिंह: पोरीसंगं बोलाया एवढ्या थंडीत कोण येतंय आबा.

बलभीम: तुझं काय सांगावं. डोकं हिकडं का तिकडं?

अमरसिंह: काय?

बलभीम: तिचं डोकं. कुठल्या अंगाला व्हतं?

अमरसिंह: हिकडं. दगड हाय तिकडं पाय... न्हाय, थांबा. दगड डोक्याकडं हाय. बाज जरा मागं घ्या, पायाकडं.

बलभीम: घे. अजून घे. हां. आता बरूबर हाय. घरी बी असंच असायचं. म्या बाजंवर, ती खाली. कितीदा म्हणलं वर झोप, तर म्हणायची भुईला पाठ लागल्याबिगर झोप येत न्हाय. येडी.

अमरसिंह: तो बघा! तो गेला. केवढा मोठा!

बलभीम: दिसला.

अमरसिंह: आपल्याच डोक्यावरनं गेला.

बलभीम: व्हय. दिसला मला.

अमरसिंह: थू न्हाय केलं तुमी.

बलभीम: तोंड कोरडं पडलंय माझं.

अमरसिंह: पाणी आणू?

बलभीम: नको. जायचा तिकडं जाऊ दे त्याला. न्यायचं असलं कुणाला तर नेऊ दे. म्या काय पुढं जा म्हणत न्हाय आता. काय करायलास? वाकून काय करायलास?

अमरसिंह: थू. पुढं जा. हितं काय न्हाय तुझं.

बलभीम: ह्याला थुकणं म्हणत्यात व्हय? पुण्यात राहून थुकाया बी विसरलास.

अमरसिंह: मग कसं?

बलभीम: मोठ्यानं. अंगणात थुकली तर कल्याणप्पाच्या वट्यावर ऐकू जायचं तिचं.

अमरसिंह: तिकडं मानसं हायती, आबा.

बलभीम: मग? गिऱ्हाईक तुझी हायती. आई बी तुझीच हाय.

अमरसिंह: थूऽ! पुढं जा!

बलभीम: हां. आता जरा जमलं.

आरोही: दादा! काय झालं? कोण ओरडलं? आणि तुम्ही तिकडे कसे गेलात झाडाखाली? तिकडून जास्त छान दिसतंय का? आम्ही पण येतो ना!

अमरसिंह: नको मॅडम, तुम्ही... म्हणजे इकडं ना...

बलभीम: येऊ नको पोरी. तिथंच थांब. हितं साप हाय.

आरोही: अय्या! खरंच आहे, काका? तुम्ही बघितलात?

बलभीम: आताच बघितला. लई मोठा हाय.

आरोही: मग तुम्ही कसे बसलात तिथं?

बलभीम: आमच्या वळखीचा हाय.